डाव्या बटणातला धागा

पहिलेच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी मला शिकवायला येऊ नका. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्याकडे अंगारा नाही, उतारा नाही, कुणाच्या अंगात येत नाही. लहानपणी एकदा मी "चिंचेखाली कोणीतरी उभं आहे" म्हणून रडत घरात पळाले होते. बाबांनी हातात टॉर्च दिली आणि म्हणाले, "जाय, नीट पाहून ये. काय होतं ते मले येऊन सांग." वासरू होतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, घाबरायच्या आधी पाहून यायचं.

तर जे झालं ते मी नीट पाहून आले आहे. एकटीनं नाही, दहा-बारा जणांसमोर, भर दुपारी. आणि तरीही ते कसं झालं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. भुताखेताच्या गोष्टींच्या या पानावर मी काही लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते... पण दुसरीकडे कुठे लिहू? टायपिंगच्या चुका समजून घ्या. डाव्या अंगठ्यानं लिहिते आहे.

माझं नाव सुजाता. राहते हुडकेश्वरला. नवरा प्रमोद, टेम्पो चालवतो. मी कामाला जायचे थेट वाडीला, म्हणजे नागपूरच्या या टोकापासून त्या टोकाला. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोडाऊनं आहेत ना, त्यांच्या मागच्या गल्लीत पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. नाव सांगत नाही. सांगायची भीती वाटते म्हणून नाही, असे कारखाने गल्लोगल्ली आहेत म्हणून.

मी प्रेस मशीनवर होते. मशीन समजायला सोपी आहे. खाली टेबल, वर पातं लावलेला जड लोखंडी भाग. पुठ्ठा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचे, आणि दोन बाजूंची दोन हिरवी बटणं दोन हातांनी एकाच वेळी दाबायची. मग वरचा भाग धाडकन खाली येतो आणि खोक्याचा आकार कापला जातो. दोन बटणं कशासाठी? दोन्ही हात बटणांवर असले तर आत हात राहायचा प्रश्नच येत नाही. ज्यानं कुणी ती मशीन बनवली तो शहाणा माणूस होता.

पण दोन्ही हात बटणांवर गुंतले तर पुढचा पुठ्ठा कोण उचलणार? माल कमी निघतो. मग आमच्या सुपरवायझरनं, गजाननभाऊनं, दसऱ्याला युक्ती केली. दसऱ्याला मशीनची पूजा असते. हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. आणि पूजेचा लाल धागा. तो धागा त्यानं उजव्या बटणावरून असा करकचून बांधला की बटण कायमचं दाबलेलं राहिलं. म्हणजे आता एकट्या डाव्या बटणावर मशीन पडणार आणि उजवा हात मोकळा.

टेप लावली असती, काडी खोचली असती, तर कुणीतरी कधी ना कधी उपटून फेकली असती. पण पूजेचा धागा! तो काढायची कुणाची छाती? बायका म्हणायच्या, "आपल्या हातानं तोडायचा नसते वं, पाप लागते. आपोआप तुटू द्यायचा." सकाळी आल्या की त्या धाग्याला हात लावून कपाळाला लावायच्या. मी लावत नव्हते. बाकी काम मीही तसंच केलं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडावर एक जाळीपण होती म्हणे, ती माझ्या आधीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिला आम्ही डब्याच्या पिशव्या अडकवायचो.

मे महिना होता. नागपूरचा मे! कूलरमधून पाणी यायचं बंद झालं होतं, नुसती गरम हवा. एक पुठ्ठा तिरका बसला. उजव्या हातानं तो सरळ करत होते आणि डाव्या हातानं ओढणी घेऊन कपाळाचा घाम पुसत होते. डावा हात कपाळावर. हे लक्षात ठेवा, सगळं भांडण याच्यावरच आहे. डावा हात कपाळावर होता, बटणावर नाही.

मशीन पडली.

पुढचं वर्णन करत नाही, कुणाची जेवायची वेळ असेल. धंतोलीच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली होती. बाकीची वाचली, असं डॉक्टर म्हणाले. वाचली म्हणजे हातावर होती, हलत नव्हती.

शेठ भेटायला आले, मोसंबीची पिशवी घेऊन. खुर्ची ओढून बसले, डोळ्यांत पाणीबिणी आणलं. म्हणाले, "सुजाता, घाईत होऊन जाते असं. डाव्या हातानं बटण दाबलं, उजवा आत राहून गेला. मी तुझ्यावर रागावलो नाही."

"शेठ, मी बटण दाबलंच नाही."

"तुले आठवत नसेल. धक्क्यात माणूस विसरून जाते."

"मले सगळं आठवते. हात कपाळावर होता."

"मग मशीन काय आपल्या मनानं पडली? मशीनले काय मन असते?" असं म्हणून ते हसले. आणि उठता उठता सहज बोलून गेले, "मशीन ठीक आहे, काळजी नको करू. चालूबी झाली. शालू बसते आता तिच्यावर."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. पण मला राग नंतर आला. आधी भीती वाटली, कारण शालू माझी मैत्रीण. काटोलकडची, नवरा वारला, वाडीतच खोली करून राहते, पदरी एक मुलगी. डब्यातली भाजी आम्ही अर्धी-अर्धी करायचो. मी बटण न दाबता ती मशीन पडली होती. म्हणजे ती पुन्हा पडणार. आणि आता आत शालूचा हात.

फोन केला. "शालू, बसू नको त्या मशीनवर."

"नाही बसली तं दुसरी बसन. मले पोटाले लागते ना वं."

"मी बटण दाबलं नव्हतं. तू पाह्यलं का?"

"माझी पाठ होती तिकडं. खोटं काहून बोलू? पण तू म्हणून राहिली तं तसंच असन."

तसंच असेल! तिनं तरी एवढं म्हटलं. आमचे हे... प्रमोद दिवसरात्र माझ्याजवळ होते, भरवत होते, केस विंचरून देत होते. आणि एक दिवस वेणी घालता घालता म्हणाले, "जाऊ दे ना सुजाता. घाईत दाबलं गेलं असन. होते माणसाकडून." मी वेणी त्यांच्या हातातून ओढून घेतली. शेठ बोलला त्याचा राग येतो. आपला माणूस बोलला की रडू येतं. खूप रडले त्या दिवशी, आणि मनात पक्कं केलं की काही झालं तरी ही चूक मी माझ्या नावावर घेणार नाही. चूक माझी ठरली की मशीन "ठीक" ठरते, आणि मशीन ठीक ठरली की शालूचा हात गेला.

मी सरकारी कारखाना-तपासणीच्या ऑफिसात तक्रार केली. प्रमोदला सोबत नेलं, ते मान खाली घालून आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण कायले करतेस?" मी म्हटलं, "काकू, अवलक्षण झालंच आहे, आता हात दाखवूनच येते."

मग व्यायाम सुरू झाला. रोज धंतोलीला. फिजिओथेरपीवाल्या मॅडम, तरुण पोरगी, पण कडक. कपड्याचे चिमटे उघडायचे, तांदळात लपवलेला राजमा शोधायचा, मऊ गोळा दाबायचा. अंगठा आणि पहिलं बोट जुळवताना मी घामानं ओली व्हायचे. "होत नाही मॅडम" म्हटलं की त्या म्हणायच्या, "नाही होत तर उद्या येऊ नका." तशा बोलल्या की माझं डोकं फिरायचं आणि बोट हलायचं. बरोबर ओळखलं होतं त्यांनी मला.

आता मुद्द्याची गोष्ट. गेलेली बोटं मला जाणवत होती. खाजायची, दुखायची, कधी आखडून जायची. मॅडमनी समजावलं की हे पुष्कळांना होतं, बोट जातं पण मेंदूला ते आहे असंच वाटत राहतं. ठीक. मला पटलं. टॉर्च घेऊन पाहून आल्यासारखं वाटलं.

पण ती बोटं सकाळी कामाच्या वेळेला गार पडायची. मशीनचं तेल लागल्यासारखी गार. आणि मग ठोके. धाड... धाड... धाड. हुडकेश्वरला माझ्या स्वयंपाकघरात बसून, वाडीतली मशीन मला बोटांत कळत होती. जी बोटं नाहीत त्यांच्यात. मी स्वतःलाच म्हटलं, सवय आहे बाई, इतकी वर्षं केलंस ते काम. मग एक दिवस ऐन दुपारी ठोके एकदम थांबले. सहज फोन लावला.

"शालू, मशीन बंद आहे का?"

"हाव, लाइन गेली ना आत्ता. तुले कसं मालूम?"

"अशीच विचारून राहिली," म्हटलं आणि फोन ठेवला. मग पुन्हा दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी विचारलं. दर वेळी बरोबर. मी प्रमोदला सांगितलं नाही. बटणाचं खरं सांगितलं तर विश्वास बसत नव्हता, हे कोण ऐकणार?

मग शालूनंच एकदा आपणहून फोन केला. आवाज बारीक. "सुजाता... मशीन आपोआप पडली वं आज. मी पुठ्ठा घ्याले वळली होती म्हणून वाचली. गजाननभाऊले सांगतलं तं मलेच म्हणते, तुहा हात लागला असन बटणाले."

तेच वाक्य. माझ्यासाठी वापरलेलं जसंच्या तसं तिच्यासाठी. मला इतका संताप आला की समोरचा कप मी उजव्या हातानं उचलला, आणि तो उचलला गेला हे मला नंतर कळलं. कपातला चहा सांडला, पण कप पडला नाही. तो दिवस मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आरशाचा व्यायाम दिला. टेबलावर उभा आरसा ठेवतात. दुखरा हात त्याच्या मागे लपवायचा, चांगला हात समोर. आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब पडतं आणि वाटतं की उजवा हात परत धडधाकट झाला. मेंदूला फसवायचं, मग दुखणं कमी होतं. आरशात पाच बोटं पाहून पहिले तर मला हुंदकाच आला.

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही हातांची मूठ वळा. उघडा. वळा."

तिसऱ्या-चौथ्या वेळी मूठ उघडली आणि आरशातल्या हाताच्या मधल्या दोन बोटांना लाल धागा गुंडाळलेला होता.

मी माझ्या खऱ्या डाव्या हाताकडे पाहिलं. काही नाही. आरशात पाहिलं. धागा. ओला, लालभडक, दोन गाठी मारलेला. आणि त्याच क्षणी आरशामागे, नसलेल्या बोटांवर, तो आवळत असल्यासारखं वाटलं. कुणीतरी बांधतंय असं नाही... मीच काहीतरी घट्ट धरून त्याला धागा गुंडाळते आहे असं.

"मॅडम, तुम्हाला आरशात काय दिसतं?"

"तुमचा हात. काहून?"

मी घाबरले? हो, घाबरले. खोटं कशाला लिहू. पण नियम तो नियम. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि शालूला फोन केला. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "अगं, इथं गोंधळ चालू आहे नुसता. पूजेचा धागा गायब! सकाळी आलो तं उजव्या बटणावर धागाच नाही. गजाननभाऊ सगळ्यायवर ओरडून राहिला का कोनं तोडला. आता सुतळी बांधली तिथं."

लोकहो, मी धंतोलीत होते. आदल्या रात्री घरात. ती मशीन मी मे महिन्यानंतर पाहिलीही नव्हती.

त्यानंतर एक गोष्ट घडली, म्हणजे घडायची बंद झाली. मशीन पुन्हा आपोआप पडली नाही. शालू म्हणाली, "शांत झाली वं." बायका म्हणायला लागल्या, धागा देवीनंच नेला, तिचा कोप गेला. माझ्या बोटांवर मात्र ती पकड दिवसभर असायची. कारखाना सुरू झाला की आवळायची, सुटला की सैल. संध्याकाळी हात असा थकलेला असायचा जशी पूर्ण पाळी करून आले.

शेवटी कारखाना तपासायला साहेब आले. ऑगस्ट असेल. मलाही बोलावलं. प्रमोद टेम्पोनं घेऊन गेले.

आत गेले तर मशीन नवरीसारखी सजवलेली. धूळ पुसलेली, जाळी जागेवर लावलेली, सुतळी गायब. शेठ हसतमुख. साहेबांनी स्वतः उजवं बटण एकटं दाबलं, काही झालं नाही. डावं एकटं दाबलं, काही नाही. दोन्ही दाबली, मशीन पडली. "बघा साहेब, जशी पाहिजे तशी," शेठ म्हणाले. "बाईबद्दल सहानुभूती आहेच आपल्याला. पण चूक झाली तिच्याकडून, काय करता."

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी सांगितलं. उजवं बटण बांधलेलं असायचं, जाळी भिंतीला असायची, आणि डावा हात माझ्या कपाळावर होता. सांगता सांगता उजवा हात मशीनवर टेकवला आणि माझी बोटं, नसलेली, डावीकडे ओढली गेली. अशी ओढ की मी अख्खी एक पाऊल सरकले. सगळे लोक उजव्या बटणाच्या धाग्याबद्दल बोलत होते, मीही. पण आरशात जो हात मला उजवा म्हणून दिसला तो मुळात डावा होता की नाही? आरशात ते उलटं दिसणारच! म्हणजे धागा डावीकडे, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

"साहेब, या डाव्या बटणाचा डबा उघडा. आत लाल धागा आहे. ओला. दोन गाठी मारलेल्या आहेत."

शेठ हसले. गजाननभाऊ हसला नाही. "आतमधी कशाचा धागा?" तो म्हणाला. "तो डबा मी आलो तेव्हापासून कोनंच उघडला नाही."

खरं होतं त्याचं. मी कामाला लागायच्याही आधी मशीनला निळा रंग मारला होता, आणि त्या डब्याचे स्क्रू त्याच रंगाखाली बुजले होते. रंगाला कुठं टवकाही नव्हता. कारखान्याच्या वायरमननं लाइन बंद करून पेचकस लावला तेव्हा रंग कडकड फुटला. सगळ्यांनी ऐकला.

झाकण निघालं. आत बटणाच्या दोन तारा, वरचं रबर वितळून, कुरतडून गेलेलं. नुसतं उघडं तांबं, शेजारी-शेजारी. आणि त्यातल्या एका तारेला लाल धागा गुंडाळलेला. दोन बोटं मावतील एवढ्या रुंदीत. दोन गाठी. वायरमननं हात लावला तर त्याच्या बोटाला कुंकू लागलं, ओलं.

मग वायरमन हळूच म्हणाला, "साहेब, या तारा एकमेकीले लागल्या का मशीनले वाटन बटण दाबलं. हा धागा मधात आहे म्हणून लागून नाही राहिल्या."

साहेबांनी सगळ्यांना मागे सरकवलं. लाइन चालू केली. उजवं बटण त्यांनी स्वतः दाबून धरलं, जसं ते वर्षभर बांधलेलं असायचं. डाव्या बटणाजवळ कुणी नव्हतं. वायरमननं लाकडाच्या पट्टीनं धागा थोडा सरकवला.

धाड!

मोकळ्या टेबलावर ती मशीन पडली. आपल्या मनानं. शालू माझ्या बाजूला उभी होती, तिनं दोन्ही हात पोटाशी घेतले. मी शेठकडे पाहिलंच नाही. मी प्रमोदकडे पाहिलं. ते त्या मशीनकडे बघत होते, आणि मग तिथंच, सगळ्यांसमोर, रडायला लागले. "मले माफ कर," म्हणाले. मी म्हटलं, "घरी चला, मग पाहू." पण मला किती हलकं वाटलं हे काय सांगू. इतक्या महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला.

त्या दिवशी मशीनला टाळं लागलं. पण लोक! बायका माझ्या पाया पडायला लागल्या. "देवीनं दाखवलं सुजाताले!" शेठ तर सगळ्यांत पुढे. म्हणाले, शांती करून घेऊ, मोठी पूजा घालू, सुजाताच्या हातून. मी सरळ सांगितलं, "शेठ, देवीचं नाव मधी आणू नका. आधी तार बदला. देवीनं जाळी काढली नव्हती." साहेब मान खाली घालून हसले.

आजूबाजूच्या गोडाऊनमधल्या बायकाही यायला लागल्या. ताई, आमच्या मशीनवर एकदा हात ठेवून सांगा ना. त्यांना एकच सांगते, हात ठेवायला मी काय बाबा-माताजी आहे का? डबा उघडायला लावा, वायरमन बोलवा, नाही ऐकलं तर तक्रार करा, मी सोबत येते. चार ठिकाणी गेलेपण.

तारा बदलल्या त्या दिवशी स्वयंपाक करत होते. बोटांवरची पकड एकदम सुटली. धाग्याच्या गाठी उकलाव्यात तशी. ते ठोके परत कधी आले नाहीत. आता ती बोटं खाजतात, पावसाळ्यात दुखतात, मॅडम म्हणतात तशी शहाण्यासारखी वागतात.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आरशाचं मी समजावू शकते. धाग्याचं नाही." बाबांनाही सांगितलं. "पाहून आली ना नीट?" म्हणाले. "मग झालं. कळलं नाही तं कळलं नाही म्हण. खोटं कारण जोडू नको." तेच करते आहे. रंगाखालच्या बंद डब्यात तो धागा कुणी नेला, त्याला गाठी कुणी मारल्या, मला माहीत नाही. कधी कधी मनात येतं, माझी बोटं तर तिथंच राहिली नव्हती ना... जाळी नव्हती त्या जागी, शालूसाठी. मग मीच स्वतःला दटावते.

मी कामावर परत गेले. हो, त्याच कारखान्यात, पॅकिंगला. मी तोंड लपवून दुसरीकडे का जाऊ? हात लपवत नाही, हातमोजा घालत नाही. मशीनवर आता दोन्ही बटणं मोकळी आहेत. माल कमी निघतो. निघू द्या.

मग दसरा आला. मशीनला हार, नारळ, पेढे, सगळं झालं. शेवटी गजाननभाऊनं ताटातला लाल धागा उचलला, आणि हात हवेतच थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्याला वाटलं असेल मी धागा हिसकावून फेकून देईन.

मी म्हटलं, "बांधा ना भाऊ. बटणाले नाही, जाळीले बांधा. करकचून. म्हणजे ती काढायची कोनाची छाती नाही होणार."

त्यानं जाळीला धागा बांधला. चारही कोपऱ्यांना. एकेक बाई पुढे येऊन पाया पडली. मी पडले नाही, मी पडत नाही. शालू पडली. तिनं दोन्ही हात जोडले आणि मी तिची बोटं मोजली. सगळी होती.